शुक्रवारचं फोल्डर : अमेरिकेतल्या प्राथमिक शाळेतला पहिला फॉल

ऑगस्टच्या शेवटी नवऱ्याचा मावसभाऊ बायको-मुलासह आमच्याच गावात राहायला आला. मुलगा दुसरीत, आमच्या धाकट्याच्याच शाळेत. सप्टेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी रात्री दहाला जावेचा फोन. "ताई, याच्या दप्तरातून अकरा कागद निघालेत. एकावर लिहिलंय 'क्रेझी सॉक डे'. हे सक्तीचं असतं का?"

मला हसू आलं, पण सहा वर्षांपूर्वी मीही अशीच ओट्यावर कागद पसरून बसले होते. आमच्या लहानपणी आई-वडिलांना शाळेतून बोलावणं यायचं ते दोनच कारणांनी : एक गॅदरिंग, दुसरं आपले प्रताप. इथे दर आठवड्याला बोलावणं असतं आणि त्यातलं निम्मंअधिक सप्टेंबर ते नोव्हेंबरात, म्हणजे इथल्या 'फॉल'मध्ये, येतं. त्या रात्री तिला तासभर फोनवर जे सांगितलं तेच आता जरा नीट लिहून काढते. क्रेझी सॉक डे सक्तीचा नसतो. पण वर्गात एकट्याच पोराचे मोजे पांढरे असले की ते त्याच्या लक्षात राहतं, तेव्हा दोन पायांत दोन वेगळे मोजे घालून पाठवा. खर्च शून्य.

आधी कागद

बातम्या चार वाटांनी येतात : प्रिन्सिपलची साप्ताहिक ईमेल, दप्तरातलं फोल्डर, टीचरचं अ‍ॅप आणि पीटीएचा (पालक-शिक्षक संघाचा) ग्रुप. तीच बातमी चारही ठिकाणी थोडी थोडी असते आणि पूर्ण कुठेच नसते. म्हणून सगळं वाचत बसू नका. पेन्सिल घ्या आणि तीनच गोष्टी शोधा : तारीख, पैसे, सही. बाकी 'व्हॉट अ‍ॅन अमेझिंग वीक' वगैरे सोडून द्या. आमच्या प्रिन्सिपलबाईंचा प्रत्येक आठवडा अमेझिंग असतो, शाळेची पाइप फुटली होती तो आठवडासुद्धा.

तारखांमध्ये दोन शब्दांवर डोळा ठेवा. 'अर्ली डिसमिसल' म्हणजे शाळा लवकर सुटणार. 'नो स्कूल फॉर स्टुडंट्स' म्हणजे टीचर येणार, मुलं घरी. पहिल्या वर्षी मी अर्ली डिसमिसल वाचलं, कॅलेंडरात टाकलं नाही, आणि दीडला मीटिंगमध्ये असताना शाळेचा फोन आला. लेक ऑफिसात बसून सेक्रेटरीबाईंना कागदांना भोकं पाडून देत होती. तिला भलती मजा आली. मला रडू आलं. तेव्हापासून फोल्डर उघडलं की उभ्या उभ्या फ्रिजवरच्या कॅलेंडरात तारीख लिहायची आणि मगच चहा टाकायचा.

सह्यांच्या कागदांत एक असतो 'कोण मुलाला घेऊन जाऊ शकतं' त्या यादीचा. आपल्याकडे सहा महिन्यांसाठी आजी-आजोबा येतात, आणि आजोबांना संध्याकाळी नातवाला आणायला जायची हौस असते. यादीत नाव नसेल तर शाळा मूल त्यांच्या हातात देणार नाही, कितीही 'ग्रँडफादर, ग्रँडफादर' म्हटलं तरी. नाव आधी कळवा आणि त्यांच्यासोबत फोटो असलेलं ओळखपत्र द्या.

दुसरा कागद घरच्या भाषेचा. घरी मराठी बोलता ना, मग 'मराठी' लिहा. त्यावरून मुलाची इंग्रजीची छोटी चाचणी घेतली जाईल आणि गरज वाटली तर शाळेतच जादा मदत मिळेल. वर्ग खाली ढकलत नाहीत. काही जण भीतीपोटी 'इंग्लिश' लिहितात आणि मग नोव्हेंबरात मूल मागे पडतंय म्हणून रडतात. तुम्हाला स्वतःलाही इंग्रजी जड जात असेल तर सरकारी शाळेकडे दुभाषा मागा. तो फुकट असतो. केंद्राचा पैसा घेणाऱ्या शाळांवर हे बंधन १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेलं आहे, त्यामुळे मागताना ओशाळायचं कारण नाही.

आणि फोटोच्या परवानगीचा कागद. शाळेच्या पेजवर पोराचा चेहरा नको असेल तर 'नाही'वर खूण करा. मुलांच्या नोंदींबद्दलचा कायदा १९७४ पासून आहे. शाळेकडे असलेल्या आपल्या मुलाच्या नोंदी बघायचा हक्कही त्यातच येतो.

शाळेत पहिलं पाऊल

बॅक-टू-स्कूल नाइट साधारण सप्टेंबरात. बहुतेक ठिकाणी ती फक्त पालकांसाठी असते. दुसरीच्या मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला टेकवून बसायचं आणि टीचर वर्षभराचं सांगतात ते ऐकायचं. आपल्या मुलाबद्दल विचारायची ही जागा नव्हे. मी विचारलं होतं. "माझ्या मुलीला गणितात जरा पुढचं देता येईल का?" टीचर गोड हसल्या, "लेट्स फाइंड अ टाइम टू टॉक" म्हणाल्या, आणि मागच्या रांगेतल्या दुसऱ्या देशी आईनं वर केलेला हात हळूच खाली घेतला.

पिक्चर डे म्हणजे शाळेत मुलांचे फोटो काढतात तो दिवस. त्याबद्दल एवढंच की फोटो विकत घेतलेच पाहिजेत असं नाही, आणि वाईट आला तर रीटेकचा दिवस असतो.

शाळेबाहेरची एक गोष्ट मात्र सगळ्यात महत्त्वाची. पिवळी बस थांबली, लाल दिवे लुकलुकले आणि 'स्टॉप'ची पाटी बाहेर आली की मागची गाडी तर थांबतेच, समोरून येणारीही थांबते. मध्ये दुभाजक असेल तर काय, हा नियम राज्यागणिक बदलतो, तो आपल्या राज्याचा बघून ठेवा. नव्यानं गाडी चालवणाऱ्याला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि दंड चांगला सणसणीत असतो.

पीटीए : एकच काम घ्या

पीटीए म्हणजे पालक-शिक्षक संघ. काही शाळांत पीटीओ असतो. पीटीए राष्ट्रीय संघटनेला जोडलेली असते, पीटीओ त्या शाळेपुरता स्वतंत्र. ही राष्ट्रीय संघटना १८९७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सुरू झाली ती मातांची परिषद म्हणून, आणि आजही मीटिंगला गेलात तर दहात आठ आयाच दिसतील. बाबांनो, जा जरा.

वर्गणी थोडीच असते. भरा. वर्गणी भरली म्हणजे काम अंगावर पडतं असं नाही, पण मत देता येतं. मीटिंगमध्ये कुणीतरी ठराव मांडतं, कुणीतरी 'सेकंड' म्हणतं. मैदानावर लाकडाचा भुसा टाकायचा की नाही यावर मी पाऊण तास चर्चा ऐकली आहे. आपल्या सोसायटीच्या मीटिंगची सवय असेल तर घरच्यासारखं वाटेल, फक्त आवाज चढत नाहीत.

आता चूक कुठे होते ते सांगते. आपण नवे असतो, ओळखी हव्या असतात, म्हणून साइन-अप शीट आली की चार ठिकाणी नाव टाकतो. मी 'रूम पॅरेंट' झाले होते पहिल्याच वर्षी. रूम पॅरेंट म्हणजे वर्गाच्या पार्ट्या, टीचरची भेट, पंचवीस घरांना ईमेल, त्यातल्या नऊ जणांना पुन्हा ईमेल. ऑक्टोबरच्या मध्यावर माझं आणि नवऱ्याचं बोलणं बंद होतं. पहिल्या वर्षी एकच काम घ्या, आणि ते असं घ्या की ज्यात हात चालतात आणि मुलं दिसतात. घरी बसून फ्लायर बनवून दिलात तर उपकार होतील, पण ओळख कुणाचीच होणार नाही.

वर्गात किंवा सहलीला मदत करायला बऱ्याच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांत) पार्श्वभूमीची तपासणी, म्हणजे आधीचा गुन्हा वगैरे नाही ना याची खात्री, लागते. ती व्हायला काही आठवडे जाऊ शकतात. अर्ज सप्टेंबरातच करून टाका. नाहीतर भोपळ्याच्या शेतावरची सहल येते, मूल 'मम्मा, तू चल' म्हणतं आणि तुमचं नाव अजून यादीत नसतं.

निधी गोळा करायची मोहीमही याच दिवसांत. पोरगं कॅटलॉग घेऊन येईल : रॅपिंग पेपर, पॉपकॉर्न, मेणबत्त्या. ऑफिसात विकत फिरायची गरज नाही. जमेल तेवढा चेक पीटीएला द्या आणि मोकळे व्हा. तुमची कंपनी तेवढीच रक्कम आपल्याकडून घालते का ते विचारा, पुष्कळ कंपन्या घालतात.

बुक फेअरचा गल्ला

जावेला मी दिलेलं एक काम म्हणजे हे. बुक फेअर म्हणजे शाळेत भरणारी पुस्तकांची जत्रा. ती बहुतेक ठिकाणी स्कोलॅस्टिक या प्रकाशन कंपनीची असते, १९८१ पासून ते शाळांमध्ये ही जत्रा भरवतात. चाकांवरची धातूची कपाटं येतात, उघडली की दुकान तयार. विक्रीतला हिस्सा शाळेला रोख किंवा पुस्तकांच्या रूपात मिळतो.

गल्ल्यावर दोन तास बसा. शाळेतली निम्मी मुलं समोरून जातात. कोण मुठीत घामेजलेली एक डॉलरची नोट घेऊन येतं, कोण पन्नासची. आमच्या धाकट्याला पहिल्या वर्षी वीस डॉलर दिले होते, पुस्तक आण म्हणून. घरी आलं ते चॉकलेटच्या वासाचं कॅल्क्युलेटर, बोटात घालायची पॉइंटर काठी, दोन खोडरबर आणि मांजराचं पोस्टर. पुस्तक? "मग पैसे उरले नाहीत." दुसऱ्या वर्षी आम्ही आदल्या दिवशी यादी घेऊन बसलो. पुस्तकाचं नाव आणि किंमत चिठ्ठीवर लिहिली, राज्यात पुस्तकांवर सेल्स टॅक्स असतो तो वर धरला, आणि दोन डॉलर खोडरबरासाठी वेगळे दिले. खोडरबराशिवाय बुक फेअर होत नाही, हे मान्य करून टाकलेलं बरं. पैसे झिपच्या पिशवीत घालून वर नाव लिहा.

गल्ल्यावर बसलेल्या मोठ्या माणसाकडे पैसे कमी पडलेलं मूल येतंच. आमच्या शाळेत त्यासाठी सुट्ट्या पैशांची एक बरणी ठेवतात. तुमच्याकडे नसेल तर ती सुचवा. जावेनं पहिल्या दिवशी त्या बरणीतून सहा मुलांचं भागवलं आणि दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये तिला तीन आयांनी नावानं हाक मारली.

पंधरा मिनिटं

पॅरेंट-टीचर कॉन्फरन्स ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पंधरा-वीस मिनिटांची. वेळ निवडायची लिंक उघडली की लगेच निवडा, संध्याकाळच्या वेळा तासाभरात संपतात. पुढची आई दाराबाहेर उभी असते, म्हणून प्रश्न दोनच न्या, लिहून. एक अभ्यासाचा. दुसरा, "तो डबा कुणाबरोबर खातो?" हा प्रश्न मला एका अनुभवी आईनं शिकवला. त्याचं उत्तर टीचरला चटकन देता आलं नाही तर त्या दुसऱ्या दिवशी मुद्दाम बघतात.

इथल्या टीचर वाईट बोलत नाहीत, त्यामुळे ऐकण्याचा कान तयार करावा लागतो. 'जॉय टू हॅव इन क्लास' म्हणजे त्रास देत नाही. 'व्हेरी सोशल' म्हणजे बडबड थांबत नाही. 'वी आर वर्किंग ऑन इट' म्हणजे प्रश्न आहे, आणि इथे तुम्ही थांबून विचारायचं : नेमकं काय, आणि घरी मी काय करू? वाचन, बोलणं, लक्ष लागणं याबद्दल खरोखर काळजी असेल तर तपासणीची मागणी लेखी करा, तारीख घालून. अपंग मुलांच्या शिक्षणाचा केंद्राचा कायदा १९७५ पासून आहे. त्याखाली सरकारी शाळा करते ती तपासणी मोफत असते. दारात उभं राहून बोललेलं हवेत जातं, ईमेल राहते.

मावळ्याची तलवार

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा म्हणजे नुसती धांदल. २३ ते ३१ रेड रिबन वीक. १९८५ मध्ये मेक्सिकोत मारल्या गेलेल्या एन्रिके कामारेना या अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्याच्या स्मरणातून हा आठवडा सुरू झाला. प्राथमिक शाळेत त्याचं रूप म्हणजे रोज नवा वेश, आणि आमच्या शाळेतले ते मोजे इथूनच येतात. लगेच हॅलोविन. काही शाळांत मिरवणूक असते, काहींत अजिबात नसते, कुठे 'पुस्तकातलं पात्र' होऊन जायचं असतं. पत्र वाचा. शस्त्रं आणि मुखवटे बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, पुठ्ठ्याचीसुद्धा. आमचा धाकटा मावळा झाला होता. पगडी, शेला शाळेत आणि तलवार घरी. "बिनतलवारीचा मावळा म्हणजे काय, वेटर?" म्हणून सकाळी सातला भोकाड. वेश निवडताना एकच कसोटी : बाथरूममध्ये त्याचं त्याला काढता-घालता येतं का? धोतर या कसोटीवर नापास झालं, पायजमा पास.

दिवाळी वर्गात न्यायची तर

न्यू यॉर्क शहराच्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी १ नोव्हेंबर २०२४ ला पहिल्यांदा मिळाली. बाकी पुष्कळ ठिकाणी ती शाळेचाच दिवस असते. मुलाला घरी ठेवणार असाल तर आधी ईमेल करा. पण मला विचाराल तर अर्धा तास वर्गात जाऊन या.

टीचरला महिनाभर आधी लिहा. सरकारी शाळेत धर्माविषयी शिकवता येतं, धर्माचरण करवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे याबद्दलचे निकाल १९६० च्या दशकापासून आहेत. म्हणून सूर 'आमच्या घरी असं करतात' हा ठेवा. आरती नाही, खरी ज्योत तर नाहीच, बॅटरीच्या पणत्या मिळतात. "इज इट इंडियन ख्रिसमस?" असं कुणीतरी विचारेलच. "नाही, ही दिवाळी" एवढंच सांगा.

फराळ नेऊ नका. जीव तुटतो, माहीत आहे. पण चिवड्यात शेंगदाणे, लाडवात काजू, करंजीत गहू आणि चकलीत तीळ. इथल्या कायद्यानं ठरवलेल्या नऊ प्रमुख अ‍ॅलर्जींमध्ये हे चारही आहेत. तीळ तर २०२३ पासून नववा झाला. एका मुलाला जरी खाता आलं नाही तर सगळ्यांचा हिरमोड.

त्याऐवजी आकाशकंदील. चोवीस मुलं, अर्धा तास, माझी पद्धत अशी. प्रत्येकाला एक जाडसर रंगीत कागद. तो लांबीत मधोमध दुमडायचा. उघडी कड असते तिच्यापासून दोन बोटं आत मी घरीच पेन्सिलनं रेघ मारून नेते. आता घडीच्या बाजूनं त्या रेघेपर्यंत, फक्त रेघेपर्यंत, बोटभर अंतरानं कापत जायचं. उलगडायचा, गोल गुंडाळायचा आणि वर-खाली स्टेपल करायचा. वर पट्टीची कडी, खाली क्रेपच्या झिरमिळ्या, आत बॅटरीची पणती. गोंद नको, वाळेपर्यंत कुणी थांबत नाही. पहिल्या वर्षी रेघ मारली नव्हती. सात मुलांनी उघड्या कडेनं कापायला घेतलं आणि हातात कंदिलाऐवजी पट्ट्या आल्या. एकीच्या डोळ्यांत पाणी. सहा कागद जास्तीचे न्या. डावखुऱ्या मुलांसाठी त्यांची कात्री आहे का, हे टीचरना आधी विचारा. शेवटची पाच मिनिटं कचरा उचलायला ठेवा आणि तो तुम्ही स्वतः उचला. टीचर पुढच्या वर्षी बोलावतात ते त्यावरून.

दिवे मालवून चोवीस कंदील एकदम लागले तेव्हा वर्ग गप्प झाला. आमचा लेक मात्र स्वतःच्या कंदिलाकडे बघत नव्हता, बाकीच्यांच्या तोंडांकडे बघत होता.

नोव्हेंबर भराभर जातो

पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे, अ‍ॅरिझोनाचा बहुतेक भाग आणि हवाई सोडून. मूल आठवडाभर पहाटे पाचला उठेल, इलाज नाही. निवडणुकीच्या मंगळवारी शाळेच्या जिममध्ये मतदान असेल तर पुष्कळदा मुलांना सुट्टी असते. ११ ला व्हेटरन्स डे, काही शाळा बंद, काहींत माजी सैनिकांसाठी कार्यक्रम. फूड ड्राइव्हला, म्हणजे गरजूंसाठी अन्न गोळा करतात तेव्हा, अन्नाचे सीलबंद डबे देताना तारीख बघा. मागच्या वर्षी उरलेलं ढकलायची ही जागा नव्हे. उघडायला कडी असलेला डबा दिलात तर उत्तम, सगळ्यांकडे कॅन ओपनर नसतो. थँक्सगिव्हिंग चौथ्या गुरुवारी, आणि आदल्या बुधवारी बहुधा ते अर्ली डिसमिसल. कॅलेंडरात लिहिलंत ना?

त्याच आठवड्यात 'लॉस्ट अँड फाउंड'ची टेबलं आमच्या कॉरिडॉरमध्ये मांडतात. सकाळी थंडी, दुपारी ऊन. पोरं मैदानावर जॅकेट काढतात आणि तिथेच विसरतात. उरलेलं सगळं दान जातं. म्हणून जॅकेटच्या आतल्या लेबलवर न पुसणाऱ्या मार्करनं नाव घाला, असं मी जावेला सप्टेंबरातच सांगितलं होतं. तिनं घातलंही. गेल्या मंगळवारी ऑफिसमधल्या सेक्रेटरीबाईंनी मला फोटो पाठवला, निळ्या जॅकेटचं लेबल, त्यावर ठसठशीत देवनागरीत नाव आणि आडनाव, आणि खाली त्यांचा प्रश्न : हे तुमच्यापैकी कुणाचं?